बसमधल्या घराची आखणी
सीट काढून रिकाम्या केलेल्या बसमध्ये आज आम्ही सर्वांनी मिळून ओटा, झोपायच्या जागा आणि आईंच्या आग्रहाखातर ड्रायव्हरच्या पाठीमागे छोटासा देव्हारा खडूने आखला. सर्वाधिक चर्चा पाण्याच्या टाकीवर झाली, कारण २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, आणि ते उंचावर किंवा एका बाजूला ठेवले तर घाटातल्या वळणांवर बस कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून टाकी दोन्ही अॅक्सलच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांच्या) मध्ये, अगदी तळाशी बसवायची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर बंधने आहेत, त्यामुळे (मुलांची घाई समजत असूनही) आरटीओची मंजुरी हाती येईपर्यंत सुतारकामाला हात लावायचा नाही, यावर मी ठाम आहे. पहिला मुक्काम मात्र कोकणातच होणार!