उचलली, तरी घेतली नाही

जुनी क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची जड मोटारसायकल, दुकानात आली की मी आधी इंजिन सुरू करत नाही. वाकून क्लच लिव्हरच्या टोकाची गोळी बघतो. गोळी घासलेली, आरशाच्या कडेला ओरखडा, लेग गार्डला एकाच जागी पोचा आणि बाकी टाकी, सायलेन्सर कोरे असतील, तर ती गाडी घसरलेली नसते, उभ्या उभ्या पडलेली असते. घसरलेल्या गाडीचे ओरखडे एका दिशेने लांबवर जातात. उभ्याने पडलेली जिथे टेकते तिथेच खूण ठेवते. मग मीटर बघायचा. तीन-चार हजार किलोमीटर, वर्ष-दीड वर्षात. विकणारा बदलीचं, मुलाच्या फीचं, पाठदुखीचं कारण सांगतो. पंपावर पाय तेलकट फरशीवर पडला किंवा फाटकात वळवताना गाडी हातातून गेली, हे कुणी सांगत नाही.

इंदुरात सेकंडहँड गाड्यांचा धंदा मी आणि माझा भागीदार मिळून करतो. महूच्या छावणीतून बदली झालेले अधिकारी गाड्या विकतात, त्या मी डोळे मिटून घेतो. सर्व्हिसची एकेक पावती फायलीत लावलेली असते. अशीच एक रॉयल एनफील्डची सुपर मिटिओर ६५० आमच्याकडे आली होती, एकही खूण नसलेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४०. तेव्हापासून अशा जुन्या ६५० ला आमच्याकडे विचारणा वाढली आहे. ती चांगल्या भावात विकण्यावर भागीदाराचा डोळा होता, आणि हिशेब म्हणून ते बरोबरच होतं.

तिला बघायला रामबागेतल्या एक बाई आल्या. शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या क्रीडाशिक्षिका. बरोबर भाचा. भागीदार सगळा वेळ भाच्याशी बोलत राहिला. गाडी बाई घेणार, लायसन्स बाईंचं, पैसे बाईंचे, आणि मायलेज भाच्याला सांगायचं. आमच्या लाइनीतली ही घाण आहे आणि ती माझ्याच दुकानात आहे, याचा मला राग येतो.

शेवटी भागीदार म्हणाला, "मॅडम, बसून बघा. पाय कसे पक्के टेकतात ते बघा." टेकलेच. सीट ७४० मिलिमीटरवर आहे, बहुतेकांचे टेकतात. या एका वाक्यावर क्रूझर विकल्या जातात आणि याच वाक्याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो. २४१ किलोची गाडी सरळ उभी असली तर एका हाताने सहज धरून ठेवता येते. दहा अंश कलली की हँडलपाशी ढोबळमानाने वीस किलोचा भार येतो, वीस अंशांना चाळीसचा. पाय टेकला की नाही हा प्रश्न तिथे संपलेला असतो. प्रश्न असतो जमीन कशी आहे, पाय सरकतोय का, आणि तुमचं लक्ष त्या क्षणी कुठे आहे. शोरूमच्या टाइल्सवर यातलं काहीच कळत नाही. टेस्ट राइडही सरळ, रुंद रस्त्यावर देतात. चढावर मागे घेणं नाही, तंग जागेत वळवणं नाही.

बाई रिंग रोडवर चक्कर मारून आल्या. चेहरा उजळलेला. "सुटली की वजन कळतच नाही हो." खरं आहे. ६४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आहे, ५२ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढ. गियरही फारसे बदलावे लागत नाहीत.

मग म्हणाल्या, "भाऊ, आता ही आडवी करा. मला उचलून बघायचीय."

भागीदार हसला. त्या हसल्या नाहीत. मला तो प्रश्न इतका आवडला की मी मागच्या आवारात जुने टायर टाकले, त्यावर गोणपाट, आणि आम्ही दोघांनी धरून गाडी हळूच डाव्या अंगावर निजवली. चावी बंद, पहिला गियर टाकलेला. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्या पडल्या की सेन्सर इंजिन बंद करतो. नंतर चावी बंद करून पुन्हा चालू करावी लागते, नाहीतर लोक स्टार्टर दाबत बसतात आणि आम्हाला फोन करतात. बहुतेक लोक गाडीकडे तोंड करून वाकतात आणि कमरेने ओढतात, तिथेच पाठ जाते. मी सांगायला तोंड उघडलं, पण बाईंना सांगावं लागलं नाही. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवलं, गाडीला पाठ लावली, बैठक घेतली, एका हातात ग्रिप, दुसऱ्या हातात मागचा दांडा, आणि मांड्यांच्या जोरावर लहान लहान पावलं मागे टाकत उठल्या. गाडी उभी राहिली. "आता उजवीकडून." उजवीकडे पाडताना आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा असतो, नाहीतर उठलेली गाडी पलीकडे जाते. त्यांनी तो स्वतःहून उघडला. तशीही उचलली.

मला वाटलं, सौदा झाला. त्या म्हणाल्या, "आता घरी नेऊन बघू. आणि ती पण घ्या." कोपऱ्यात टीव्हीएस रोनिन उभी होती. २२५ सीसी, १६० किलो. तिची सीट ७९५ मिलिमीटर, म्हणजे ६५० पेक्षा साडेपाच सेंटिमीटरने उंच. एवढ्यावरून आमच्याकडे लोक ती नाकारतात.

त्यांचा वाडा आतल्या गल्लीत. गल्ली उताराची, जुन्या दगडी फरशीची. फाटकाला उंबऱ्यासारखी पट्टी, आत छोटा चौक, तुळस, ओटा. ६५० आत सहज गेली, कारण आत जाताना उतार होता. वळवायला पुढे-मागे, पुढे-मागे करूनही ती पूर्ण वळेना. तिच्या दोन चाकांतलं अंतर दीड मीटर आहे. मग उंबरा ओलांडून चढावर मागे. अशा चढावर पायाने रेटताना सतत वीस किलोचा जोर लावावा लागतो, तोही पाय न सरकवता. बाईंनी तेही केलं. सावकाश, जीभ दातांत धरून. गाडी एकदाही कलली नाही.

रोनिनच्या चाकांतलं अंतर जवळपास चौदा सेंटिमीटरने कमी. हाफ क्लचवर, मागचा ब्रेक जरासा धरून, चौकात तुळशीला वळसा घालून त्या पाय न टेकवता फिरल्या आणि तोंडानेच बाहेर पडल्या.

ओट्यावर बसून आम्ही पाणी प्यायलो. मी प्रामाणिकपणे सांगितलं की हायवेला ही ऐंशी-नव्वदपर्यंत सुखाची आहे, त्यापुढे इंजिनाचा आवाज वाढतो. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात ट्रकला ओलांडायचं तर गियर खाली घ्यावा लागेल, ६५० तिथे नुसती मूठ पिळली की निघते. त्या म्हणाल्या, "ते सोडतेय मी, मला माहीत आहे. वाईटही वाटतंय. पण बघा, मोठी मला जमते, नुसती जमते. भाजीला, बँकेत, मैत्रिणीकडे जाताना दर वेळी हे सगळं करायचं म्हटलं तर महिन्याभरात मी तिच्यावर कव्हर घालीन आणि रिक्षा करीन. ओंकारेश्वरही मग राहूनच जाईल."

मला उत्तर सुचलं नाही. दुकानात येणाऱ्या त्या तीन-चार हजार किलोमीटरच्या गाड्या डोळ्यांसमोर आल्या. आतापर्यंत माझी पक्की समजूत होती की लहान गाडी घेणाऱ्याला उंची, ताकद किंवा पैसा यांतलं काहीतरी कमी पडतं. या बाईंना यातलं काहीच कमी पडत नव्हतं. जमतं ते आणि हवं ते असे दोन वेगळे प्रश्न त्यांनी माझ्यासमोर वेगवेगळे सोडवले. मी तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला घराची गल्ली विचारतो. भागीदाराला ते पटत नाही. गल्ली विचारलीस की गिऱ्हाईक विचारात पडतं, म्हणतो. पडू दे.

मालकी बदलायचे फॉर्म २९, ३० भरले, जुन्या मालकाचं कर्ज फिटलेलं होतं म्हणून ३५ पण जोडला, रोनिन त्यांच्या नावावर झाली. ६५० नंतर एका तरुणाने घेतली, त्याच्या घरापुढे मोठं अंगण आहे. भागीदाराचं मन मात्र त्या हुकलेल्या सौद्यातून निघत नाही. कुणी बाई दुकानात आली की तो अजून सांगतो, एक मॅडम आल्या होत्या, त्यांना मोठी गाडी जड गेली, घाबरल्या.

मी दर वेळी हातातलं काम सोडून जातो आणि सांगतो, जड गेली नव्हती. उचलली होती, दोन्ही अंगांनी, एकट्याने. नको म्हणाल्या.