जुन्या 26 इंची एमटीबीला (माउंटन बाइकला) नवा फोर्क : अपडेट 3

अखेर नवा फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबणारा चिमटा) बसला एकदाचा! तीन महिने नुसती शोधाशोध चालू होती, त्यामुळे आज जरा सविस्तर लिहितो.

आधी जुना का काढला ते सांगतो, कारण समुद्राजवळ राहणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच होत असणार. मी वर्सोव्याला राहतो, सायकल बिल्डिंगखाली स्टिल्टमध्ये (उघड्या पार्किंगमध्ये) उभी असायची, खारी हवा आणि वर पावसाळा. फोर्कच्या पाइपवरून अंगठ्याचं नख फिरवलं की बारीक बारीक खड्ड्यांत अडकायचं. प्रत्येक दाबाला तेच खड्डे सील खरवडतात, मग पाणी आत जातं, स्प्रिंग गंजते आणि फोर्क अर्ध्यातच अडकून बसतो. मी एकदा सील बदलून बघितले, दोन महिन्यांत परत जैसे थे. पाइपला खड्डे पडले असतील तर सीलवर खर्च करू नका, खरंच सांगतो.

आता निवड. सगळे पहिल्यांदा ट्रॅव्हलच (फोर्क किती मिमी दबतो ते) विचारतात, मीसुद्धा तेच करत होतो, मित्र म्हणाला 120 चा घे, आरेतल्या खड्ड्यांत गादीवर बसल्यासारखं वाटेल. पण जुन्या फ्रेमला ट्रॅव्हलपेक्षा फोर्कची एकूण लांबी महत्त्वाची, म्हणजे ॲक्सलच्या मध्यापासून वर क्राउनवर (दोन्ही पाय जोडणाऱ्या आडव्या भागावर) जिथे हेडसेटची (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगची) खालची रेस म्हणजे कडी बसते तिथपर्यंत. माझा 100 चा जुना फोर्क टेपने मोजला तर 472 मिमी आला. ही लांबी 20 मिमी वाढली की हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) साधारण 1 अंशाने पडतो, हँडल वर येतं, चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं, शिवाय फ्रेमच्या हेडट्यूबवर (पुढच्या उभ्या नळीवर) जादा ताण येतो तो वेगळाच. म्हणून 120 चा विचार तिथेच सोडला.

26 चे चांगले एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे) आता सेकंडहँडच शोधावे लागतात. पहिला मिळाला त्याचा स्टिअरर (फोर्कची हेडट्यूबमध्ये जाणारी नळी) टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत दीड इंची, आणि माझी हेडट्यूब 34 मिमीची सरळ, म्हणजे 1⅛ इंचीच सरळ स्टिअरर पाहिजे. दुसरा सरळ होता, पाइप आरशासारखे, मी तर पैसे घेऊनच गेलो होतो, पण स्टिअरर आधीच्या मालकाने 170 मिमीला कापलेला. माझी हेडट्यूब 120, हेडसेट 25, स्पेसर 10, स्टेम (हँडल धरणारा भाग) 40, झाले 195 मिमी. कापलेला स्टिअरर वाढवता येत नाही, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी विकणाऱ्याला टेप लावलेला फोटो मागा.

मग शेजारच्या सायकलवाल्या काकांनी सुचवलं की 27.5 चा का बघत नाहीस. रिमचा व्यास 26 ला 559 आणि 27.5 ला 584, म्हणजे त्रिज्येत फरक फक्त साडेबारा मिमीचा. डिस्क ब्रेक असेल तर 27.5 च्या फोर्कमध्ये 26 चं चाक बिनधास्त बसतं, कारण डिस्क ॲक्सलपासून मोजली जाते. व्ही-ब्रेकवाल्यांना मात्र हे जमणार नाही, पॅड रिमवर येणारच नाहीत. तर नवीन 27.5 चा 100 मिमी एअर फोर्क घेतला, सरळ स्टिअरर, 9 मिमी क्विक रिलीज (15 मिमीचा थ्रू-ॲक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड ॲक्सल असता तर हबपण बदलावा लागला असता). लांबी भरली 492. पण या मॉडेलमध्ये आत स्पेसर घालून ट्रॅव्हल 80 करता येतो, काकांनी तो घातला आणि लांबी आली बरोब्बर 472! 20 मिमी ट्रॅव्हल गेला याचं अजिबात वाईट वाटत नाही, अडकणाऱ्या 100 पेक्षा मऊ चालणारा 80 कधीही चांगला.

जुना ब्रेक अ‍ॅडॉप्टर निघाला, 160 च्या डिस्कला कॅलिपर थेट फोर्कवरच्या पोस्टवर (बोल्ट लावायच्या खुंट्यांवर) बसला. स्टिअरर कापताना काकांनी जुन्या फोर्कची खूण तीनदा ताडून पाहिली, मगच हॅकसॉ लावली.

रविवारी नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रस्त्याला नेली. फोर्कच्या पायावर छापलेल्या तक्त्याप्रमाणे 70 पीएसआय हवा भरली होती, सॅग (नुसतं बसल्यावर फोर्क किती दबतो ते) रबर रिंगवर 12 मिमी दिसला, मला 16 पाहिजे होता म्हणून 5 पीएसआय कमी केले आणि मग जमलं. उतारावर पूर्वी मनगटाला जे ठोके बसायचे ते गेले. रिबाउंड (दबून परत वर येण्याचा वेग) अजून जरा फास्ट वाटतोय, एक-दोन क्लिक हळू करून बघणार. आणि आता सायकल घरात, बाल्कनीतपण नाही, आईशी बोलणं झालंय, पॅसेजमध्ये जागा मिळाली आहे.