वार्धक्य आणि सार्वजनिक धोरण : अर्ज करण्याआधी

आज दुपारभर वार्धक्य आणि सार्वजनिक धोरण या विषयातल्या परदेशी एमएसाठीच्या उद्देशपत्रांचे (स्टेटमेंट ऑफ पर्पजचे) मसुदे वाचले. बहुतेक सुरू होतात 'आजीआजोबांची सेवा करायची आहे' इथून. भावना खरी आहे, पण निवड समिती धोरणाचा प्रश्न शोधत असते.

प्रश्न असा हवा: इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपये, ८० नंतर ५००. एवढ्यात औषधं तरी येतात का? किंवा २००७ च्या कायद्याने पालकांना निर्वाह भत्त्यासाठी न्यायाधिकरण दिलं, तर पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायला आईबाप का कचरतात? असा एकच प्रश्न धरा आणि त्याला आकडेवारीचा आधार द्या. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेची 'लासी' ही वार्धक्यावरची देशव्यापी पाहणी त्यासाठी उत्तम आहे: पहिली फेरी २०१७-१८, वय ४५ च्या पुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त लोक.

कागदपत्रांत हमखास अडतं ते नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर क्रम वेगळा, त्यात लग्नानंतर बदललेलं नाव. गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र आधीच काढून ठेवा. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, पुणे विद्यापीठात वेगळा अर्ज लागतो, मार्कशीटची झेरॉक्स पुरत नाही. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो.

शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसापेक्षा तुमचा प्रबंध तपासलेल्या सरांकडून किंवा मॅडमकडून घ्या. आणि मागताना उद्देशपत्राची प्रत सोबत द्याच.