सासूबाईंचं ड्रॉवरचं कपाट भिंतीला बांधलं: तिसरा रविवार

झालं एकदाचं! बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात, माडीवरच्या खोलीतलं सागवानी कपाट काल संध्याकाळी भिंतीला पक्कं बसलं. वरची कड दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिली, तसूभर हललं नाही.

काम काढलं ते उत्तरायणामुळे. आदल्या दिवशी पाच वर्षांच्या नातीने कपाटावरची फिरकी घ्यायला खालचे तीन ड्रॉवर बाहेर ओढले आणि त्यांची पायरी केली. कपाट पुढे कललं. सून शेजारीच इस्त्री करत होती, तिने धावत खांदा लावला. रात्री मी कागदावर हिशोब मांडला आणि अंगावर काटा आला. कपाट १५० सेंमी उंच, ४५ सेंमी खोल, भरलेलं साधारण ६५ किलो. म्हणजे पुढच्या कडेपासून मोजलं तर त्याला उभं ठेवणारा जोर (वजन गुणिले कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर) ६५ गुणिले २२.५, साधारण १४६०. दहा-दहा किलोचे तीन ड्रॉवर ३० सेंमी बाहेर आले की त्यातले ९०० गेले. अठरा किलोची पोर कडेच्या ३० सेंमी पुढे उभी राहिली की आणखी ५४०. उरले फक्त वीस! त्यात आमची कोटा फरशी गॅलरीकडे उतरती.

तोच हिशोब पुढे नेला तर धीरही येतो. समजा कल हजाराने जास्त झाला, तरी कपाट भिंतीला १४० सेंमी उंचीवर धरून ठेवणाऱ्या पट्टीला सात किलोचीच ओढ सोसावी लागते. मध्यावर, ७० सेंमीवर धरलं तर चौदा. हिसका बसला की आकडे वाढतात, म्हणून पट्ट्या दोन घ्यायच्या, पण बसवायच्या वरच. सात किलोला स्क्रू कधीच तुटत नाही. भिंत सुटते. सगळं लक्ष भिंतीकडे हवं ते यासाठी.

पहिला रविवार मोजण्यात गेला. कपाटाच्या पाठीच्या फळ्या पातळ आहेत, त्यांत स्क्रू धरणार नाही, म्हणून एल पट्ट्या वरच्या जाड फळीवर घेतल्या. तळाशी स्कर्टिंग असल्यामुळे कपाट भिंतीपासून १५ मिमी दूर राहतं, तेव्हा आडवी बाजू लांब असलेली पट्टी शोधली. हार्डवेअरवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "बेन, भींत ईंटनी के ब्लॉकनी?" प्रश्न अगदी योग्य. गट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवतात ती नळी, त्यावरच ठरते.

दुसऱ्या रविवारी फसले. भिंत दीड विटेची, चुन्यात बांधलेली. इतक्या जाड भिंतीत कुठेही भोक पाडलं तरी चालेल असं मी गृहीत धरलं. पहिल्या भोकातून आधी पांढरी भुकटी आली, मग थोडी लाल, मग परत पांढरट, वाळूसारखी, आणि ड्रिल एकदम मऊ गेलं. तरी मी गट्टी ठोकलीच. स्क्रू फिरवला तर गट्टीही त्याच्याबरोबर गोल फिरू लागली. विटेऐवजी चुन्याच्या सांध्यात शिरले होते. दुसरं भोक हातभर अंतरावर घेतलं, तिथे भुकटीच्या जागी तपकिरी भुसा आला आणि खोलीभर सागाचा वास! सासऱ्यांच्या वेळी तसबिरीसाठी ठोकलेली लाकडी खुंटी निघाली. पूर्वी हीच रीत होती, छिन्नीने खळगा करायचा आणि आत लाकूड ठोकायचं. पण लाकूड सुकून आकसतं आणि ढिलं पडतं. १९११ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉलिंग्जने ब्रिटिश म्युझियममधल्या विजेच्या जोडण्यांसाठी तागाच्या धाग्यांची गट्टी काढली, आपल्याकडचा रावळ प्लग हा शब्द तिथला. आज आपण वापरतो ती नायलॉनची फुगणारी गट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशरची, १९५८ ची.

काल मात्र घाई केली नाही. जवळच्या विजेच्या बोर्डाच्या सरळ वर-खालची जागा टाळली, खोलीचा एमसीबी बंद केला आणि ड्रिलला वीज बाहेरून एक्स्टेन्शनने आणली. आधी ४ मिमीच्या बिटने चाचणीचं भोक. प्लास्टर २० मिमी भरलं आणि पुढे शेवटपर्यंत लालच भुकटी. पहिल्या जागेपेक्षा चार सेंमी वर वीट सापडली. मग ८ मिमीचा बिट, ८५ मिमीवर चिकटपट्टीची खूण, आणि ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणं, बंद. जुनी वीट मऊ असते, हॅमर लावला की भोक गोल राहत नाही. भोक सायकलच्या पंपाने फुंकून काढलं, इतकी भुकटी निघाली की गॉगल नसता तर डोळे गेलेच होते. ५० मिमीची गट्टी प्लास्टरच्या पार आत, विटेत सरकवली, कारण प्लास्टरमध्ये फुगली तर पापुद्रा सुटतो. स्क्रू ५ बाय ८०. शेवटचे चार-पाच वेढे हातानेच दिले. जोर वाढत जातो तो मनगटाला कळतो, तो क्षण मला या कामात सर्वांत आवडतो.

जुनी दोन भोकं चुन्यानेच बुजवली, सिमेंट वापरलं नाही.

पुढच्या रविवारी लेकाच्या भायलीच्या फ्लॅटमधलं पुस्तकांचं कपाट. तिथे भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या, त्यामुळे ही गट्टी चालणार नाही, बाहेरून पीळ असलेली लांब गट्टी लागेल. कोणी तशी बसवली असेल तर किती लांबीची घेतली ते नक्की सांगा.