तळावरचा कारभार कुणी बघायचा?

दसरा झाला की कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या आसपास, गायरानात, ओढ्याकाठी कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, उभ्या राहायला लागतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, मंगळवेढा, जत अशा भागांतून ऊसतोडीला आलेली माणसं पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तिथंच राहतात. शंभर कोप्यांचा तळ म्हणजे चारशेच्या वर माणसं आणि गाडी सेंटर, म्हणजे बैलगाड्यांचा तळ, असेल तर दोनशे बैलं. एवढ्या वस्तीच्या गावाला सरपंच असतो, पाण्याची टाकी असते, दिवाबत्तीचा खर्च कुणी करायचा हे ठरलेलं असतं. तळाला यातलं काहीच नसतं. तिथं मुकादम असतो, आणि मुकादम कामाचा माणूस आहे, वस्तीचा नव्हे.

कोयते (तोडणाऱ्या जोड्या) आणायचे, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) वाटायची, तोड लावून द्यायची, खर्ची (आठवड्याचा हातखर्च) वाटायची, खाडा (गैरहजेरीचे पैसे) कापायचा ही मुकादमाची कामं. कारखान्याकडून त्याला त्याचं कमिशन मिळतं. नळाला रांग किती लागते किंवा कोपीमागं घाण किती साचली याचा त्याच्या हिशेबाशी संबंध येत नाही. कारखान्याचा शेती विभाग म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. ग्रामपंचायत म्हणते, ही माणसं आमच्या गावची नाहीत. मतदारयादीत त्यांची नावं नाहीत हेही खरंच आहे. ज्याची जमीन आहे त्याला फक्त उन्हाळ्यात रान मोकळं हवं असतं. म्हणून तळावर राहणाऱ्यांचीच पंचकमिटी असावी आणि ती पहिल्या आठवड्यातच बसवावी, असं माझं ठाम मत आहे. एकदा गाळप जोरात सुरू झालं की बसायला कुणाला सवड राहत नाही.

कोपी उभी करण्याच्या दिवशीच निम्मा कारभार ठरून जातो, म्हणून आधी जागेचं. सखल जागा घेऊ नये. ऊस हिवाळ्यात तोडला जात असला तरी नोव्हेंबरात आणि पुन्हा मार्चमध्ये अवकाळी गाठतोच, आणि काळ्या रानात एका पावसानं तळाचा चिखल होतो. कोपीची बैठक आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच भरून घ्यावी, भोवती वीतभर खोल चर काढावा आणि सगळ्या चरांचं पाणी एकाच बाजूला उतरेल असा उतार द्यावा. प्रत्येकानं आपापला चर आपल्याला हवा तसा काढला की वरच्या कोपीचं पाणी खालच्या कोपीत शिरतं. हंगामातलं पहिलं भांडण बहुतेक वेळा यावरूनच होतं.

दोन कोप्यांत किमान दहा फूट अंतर हवं. माणसं जवळजवळ बांधतात. एका गावची, एका भावकीची असतात, रात्री सोबत वाटते, आणि ते समजण्यासारखं आहे. पण बांबू, चटई, वरून ताडपत्री आणि उबेला रचलेलं पाचट एवढ्या सगळ्यात एक ठिणगी पुरते. ताडपत्री पेटली की वितळून खाली गळते आणि आत झोपलेल्या पोराच्या अंगावर पडते. चूल कोपीच्या दाराबाहेर, वारा ठिणग्या कोपीपासून लांब नेईल अशा बाजूला, तिन्ही बाजूंनी दगडामातीचा आडोसा करून मांडावी. पाचटाची गंजी कोप्यांच्या ओळीत नको, तिला बैलांच्या दावणीच्याही पलीकडं जागा द्यावी. दर दहा कोप्यांमागं पाण्यानं भरलेलं एक पिंप आणि दोन बादल्या ठेवाव्यात. त्या पिंपातलं पाणी धुण्याला घ्यायचं नाही, हा नियम पंचांनी कडक पाळून घ्यावा.

वीज हा त्याहून मोठा धोका. तारेवर आकडा टाकून घेतलेल्या विजेवर तळ उजळतो, पण ती तार कोप्यांच्या बांबूंवरूनच पुढं गेलेली असते. बैलाच्या शिंगात किंवा उसानं भरलेल्या गाडीच्या टोकात अडकून ती सोलली जाते, आणि दव पडलेल्या ओल्या ताडपत्रीला लागली की अख्ख्या कोपीत करंट उतरतो. कारखान्याकडून तळासाठी एक मीटर, त्यावर गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी आणि वेगळ्या खांबांवरून उंच नेलेली तार एवढं मागून घ्यावं. प्रत्येक कोपीला 9 वॉटचा एक एलईडी दिवा पुरतो. मोबाइल चार्जिंगसाठी एकच ठिकाण करावं. रस्त्यावरचे दिवे मात्र कोपीतल्या दिव्याच्या आधी लावावेत: नळाकडं जाणाऱ्या वाटेवर एक, संडासाच्या वाटेवर एक. बाया पहाटे तीनला उठतात.

आता पाणी. इथं आकडेमोड केल्याशिवाय कारखान्याकडं जाऊ नये, कारण ‘टँकर येतोय की’ हे उत्तर तयार असतं. चाळीस गाड्यांचा तळ धरा. माणसं साधारण 180. प्यायला, रांधायला, हातपाय धुवायला माणशी अगदी काटकसरीनं 20 लिटर, म्हणजे 3600 लिटर. बैलं 80, दिवसभर ओझं ओढणाऱ्या बैलाला 40 लिटर तरी लागतंच, म्हणजे 3200 लिटर. एकूण 6800. पाच हजार लिटरचा एक टँकर रोज आला तरी पुरत नाही, आणि बैलाला तहानलेलं ठेवता येत नाही म्हणून तुटवडा माणसांच्या वाट्याला येतो. बैलं ओढ्यावर किंवा कालव्यावर नेऊन पाजायची सोय असेल तर तोच टँकर पुरून उरतो. म्हणून जागा निवडतानाच जनावरांच्या पाण्याची वाट बघून ठेवावी.

पाणी असून भागत नाही, नळ पुरेसे लागतात. 3600 लिटर म्हणजे पंधरा लिटरचे 240 हंडे. एका तोटीला हंडा भरायला दीड मिनिट धरलं तर एकाच नळावर सहा तास जातात. फडावरून, म्हणजे तोड चाललेल्या उसाच्या रानातून, आलेल्या बाईकडं अंधार पडायच्या आत जेमतेम दीड-दोन तास असतात, त्यातच भाकरी करायची असते. चार तोट्या असतील तर हेच काम दीड तासात उरकतं. तीन तोट्यांचा खर्च किती, आणि रोज वाचणारा वेळ किती! टाकीजवळ फरशी किंवा निदान मुरमाचा थर घालून पाण्याला वाट काढून द्यावी, नाहीतर आठवड्यात तिथं डबकं होतं आणि डास वाढतात.

टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी. हजार लिटरला 5 ग्रॅम हे ग्रामपंचायतीत चालणारं माप आहे. पावडर थेट टाकीत ओतायची नसते. बादलीत पाण्यात कालवून चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ टाकीत सोडायचं आणि अर्धा तास थांबून मगच तोटी उघडायची. ओटी टेस्टला (क्लोरीन तपासायचे थेंब टाकल्यावर) पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पिवळं झालं नाही तर बहुधा पावडर जुनी झालेली असते: पिशवी उघडी राहिली, दमट हवा लागली की तिच्यातला जोर निघून जातो. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सावलीत ठेवली की टिकते. ग्रामपंचायतीकडून ही पावडर आणि आरोग्य उपकेंद्राकडून तपासणी मागता येते. त्यासाठी कुणीतरी जाऊन मागावं लागतं, आणि पंचकमिटी त्यासाठीच हवी.

संडासाबद्दल एवढंच: वीस माणसांमागं एक, बायांचे वेगळे, आतून कडी असलेले आणि पाण्याचा ड्रम शेजारी. ड्रम नसेल तर फिरतं शौचालय दोन दिवसांत बंद पडतं आणि मग ‘ही माणसं वापरतच नाहीत’ असा शेरा बसतो.

पंच कसे निवडावेत? टोळीमागं एक पुरुष आणि एक बाई, सगळे मिळून सात-आठांच्या वर नकोत. मुकादमाला पंच करू नये. यावर वाद होतो, मला माहीत आहे. मुकादम जाणता असतो, बोलायला पुढं असतो, कारखान्यात त्याचं वजन असतं. पण ज्याची उचल आपल्या डोक्यावर आहे त्याच्यापुढं कुणी खरं बोलत नाही. बैठकीला त्याला बोलवावं, निर्णय ऐकवावा, कारखान्याकडं जाताना सोबत न्यावं. पाणी आणि संडास ही दोन खाती बायांकडंच द्यावीत. हंडा त्याच वाहतात, कुठं अडतं ते त्यांनाच नेमकं माहीत असतं. बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घ्यावी. त्या दिवशी खर्ची मिळालेली असते आणि माणसं तळावर असतात. कोपीमागं आठवड्याला वीस रुपये वर्गणी काढली तर चाळीस कोप्यांचे आठशे होतात. त्यातून दिवे, दोर, पावडर भागतं आणि अडीअडचणीला गाडीभाडं हाताशी राहतं. पैसे एकाकडं, वही दुसऱ्याकडं. दर बाजारदिवशी शिल्लक सगळ्यांसमोर वाचून दाखवावी.

पंचांपुढं सगळ्यात अवघड येतो तो खाडा. एक दिवस कामावर न गेल्यास मुकादम ठरलेली रक्कम कापतो. आजारपण, बाळंतपण, पाळीचा त्रास यांनाही तोच नियम लावला जातो, म्हणून बाई ताप अंगावर काढून फडात जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. त्याच्या मुळाशी हा बुडणारा रोज होताच. उचल वाटतानाच, म्हणजे गाव सोडण्याआधी, आजारपणाचा खाडा नाही हे कागदावर घेता आलं तर उत्तम. ते जमलं नसेल तर तळावर पंचांसमोर ठरवून वहीत लिहावं आणि मुकादमाची सही घ्यावी.

हिशेबाची वही प्रत्येक कोपीत स्वतंत्र असावी. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर 732 रुपये. एक लाखाची उचल फिटायला 273 टन लागतात, म्हणजे 137 दिवसांचं काम. गाळप त्याआधी संपलं तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. एवढ्या बारीक हिशेबात चार टनांची चूकही दोन दिवसांची मजुरी खाते. म्हणून तारीख, शेतकऱ्याचं नाव, काट्याच्या पावतीवरचं वजन, घेतलेली खर्ची आणि कापलेला खाडा रोजच्या रोज लिहावं. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पंधरवड्याचं बिल निघालं की वही आणि बिल शेजारी ठेवून बघावं. वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या चाऱ्याचे, पैसेही यातच लिहावेत. कोल्हापुरात घरोघरी म्हशी असल्यामुळं वाढ्याला मागणी असते. ते कुणाचे, टोळीचे की शेतमालकाचे, हे फडात कोयता लावण्याआधी बोलून घेतलं तर बांधावर तोंडातोंडी होत नाही. खुशालीचंही, म्हणजे तोडीबद्दल शेतकऱ्याकडून मिळणाऱ्या बक्षिसीचंही, तसंच. शेतकऱ्याला अडवून मागितलेली खुशाली गावात तळाचं नाव खराब करते, आणि मग पाण्याचा प्रश्न घेऊन गेलेल्या पंचांचं कुणी ऐकत नाही.

कागदपत्रांत रेशन आधी बघावं. शिधापत्रिका बीडची असली तरी इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. आधार जोडणी आणि ई-केवायसी मात्र निघण्याआधी गावीच पुरी झालेली हवी. गावी म्हातारी माणसं असतील तर सगळं धान्य एकाच ठिकाणी न उचलता भागून उचलता येतं. पोरांसाठी गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक आणावं. ते नसलं, दाखला नसला, तरी जवळच्या जिल्हा परिषद शाळेला मूल नाकारता येत नाही. पंचांनी पहिल्या आठवड्यात तीन याद्या कराव्यात: सहा वर्षांखालची मुलं अंगणवाडीसाठी, सहा ते चौदा वर्षांची शाळेसाठी, आणि गरोदर बाया आशाताईंसाठी. यादी हातात दिली की लसीकरणाचं सत्र तळावर येतं. नुसतं ‘या कधीतरी’ म्हटलं तर येत नाही. बैलांसाठी चौथी यादी: लम्पीची लस कधी झाली, कानातला बिल्ला आहे का. 2022 मध्ये लम्पीनं जनावरांच्या वाहतुकीवरच बंदी आली होती, तेव्हापासून याची हयगय परवडत नाही.

साप चावल्यावर काय करायचं हे प्रत्येक कोपीत तोंडपाठ असावं. फडात घोणस, रात्री अंथरुणात मण्यार. मण्यारीच्या दंशाची खूण नीट दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. जमिनीवर झोपणाऱ्यानं मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचाव्यात. चावल्याचा नुसता संशय आला तरी कापू नये, आवळून बांधू नये. 108 ला फोन करून जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठावं. तळाचा नेमका पत्ता, कुठल्या फाट्यावरून आत यायचं ते, एका फळीवर मोठ्या अक्षरात लिहून नळाजवळ लावावं. परक्या मुलखात रात्री दोन वाजता फोनवर पत्ता सांगता येत नाही.

बाईला कुणी त्रास दिला, मग तो मुकादम असो, ड्रायव्हर असो की शेतमालक, तर ते प्रकरण पंचांनी मिटवायचं नाही. पोलिसांसाठी 112 आहे. कामाच्या ठिकाणच्या छळासाठी 2013 च्या कायद्यानुसार जिल्ह्याची स्थानिक समिती आहे आणि ऊसतोडीचं काम तिच्या कक्षेत येतं. पंचांनी त्या बाईसोबत जावं, एवढंच त्यांचं काम.

ट्रॅक्टर टोळ्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. दहा-पंधरा कोयते, आज या गावच्या बांधावर, पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावात. त्यांच्यात एक पुरुष आणि एक बाई एवढेच कारभारी पुरेत. त्यांनी नव्या गावात पोचल्याच्या दिवशीच ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि आशाताईंना भेटून यादी द्यावी.

कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असा निधी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी ठरलेला आहे. तळाची मागणी लेखी, पंचांच्या सह्यांनिशी आणि हंड्या-लिटरच्या आकड्यांसह कारखाना, ग्रामपंचायत आणि समाजकल्याण कार्यालय अशा तिन्ही ठिकाणी द्यावी. पोच घ्यावी, पोचेची प्रत वहीत चिकटवावी.

पट्टा पडायच्या आठवडाभर आधी पंचांनी शेवटची बैठक घ्यावी. वर्गणीची शिल्लक वाटून द्यावी, चर बुजवावेत, काचा आणि फाटकी ताडपत्री गोळा करावी, कारखान्याचे बांबू मोजून परत करावेत आणि पावती घ्यावी. नाहीतर त्यांचे पैसे शेवटच्या बिलातून कापले जातात. पुढच्या वर्षीच्या तोट्यांची आणि दिव्यांची मागणी त्याच दिवशी शेती ऑफिसात देऊन टाकावी.