मापाची वही

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळत असताना मी खासबाग मैदानाच्या बाजूला गर्दीत उभा होतो. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवराव यांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले आणि १९१५ मध्ये पूर्ण झालेले हे पॅलेस थिएटर पुढे १९५७ पासून केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि कोल्हापुरातल्या तीन पिढ्यांनी आपले पहिले नाटक याच छपराखाली पाहिले. ते छप्पर खाली येताना माझ्याशेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ काही न बोलता चप्पल काढून उभे राहिले. दिवस उजाडला तेव्हा दगडी भिंती उभ्या होत्या आणि आत राख होती.

त्या सकाळपासून गावात एकच मागणी ऐकू येत होती, की नाट्यगृह होते तसेच पुन्हा उभे राहिले पाहिजे. मागणी रास्तच होती आणि आजही आहे. पण घरी येऊन मी माझी मापाची वही, म्हणजे आमची समिती गावातल्या जुन्या इमारती मोजते त्या मोजमापांची वही, उघडली तेव्हा हात थांबला. नाट्यगृहाच्या नावाचे एक पान वहीत होते. त्यावर दर्शनी भागाची लांबी, दोन कमानींची रुंदी आणि जोत्याची उंची एवढेच लिहिले होते, आणि खाली माझ्याच अक्षरात ‘आतील लाकूडकाम नंतर’ अशी टीप होती. इमारत रोजच्या वापरातली होती, महापालिकेच्या मालकीची होती, सुस्थितीत होती, म्हणून ती मागे ठेवून आम्ही पडायला आलेल्या वाड्यांकडे आधी गेलो होतो. होते तसे म्हणजे नेमके कसे, हे सांगण्यासाठी जो कागद लागतो, तो कागद तयार करणे हेच आमचे काम होते आणि नेमका इथेच तो आमच्याकडे नव्हता.

आमची समिती म्हणजे दहा-बारा माणसे. मी स्वतः तंत्रनिकेतनात आरेखन शिकवून निवृत्त झालो. दोन वास्तुविशारद आहेत, एक गवंडीकाम करणारे मामा आहेत, मोडी वाचणाऱ्या एक बाई आहेत आणि वर्षागणिक बदलणारे काही विद्यार्थी आहेत. आम्हाला कोणतेही बांधकाम थांबवण्याचा अधिकार नाही आणि कोणाच्या घराची दुरुस्ती करून देण्याइतके पैसेही नाहीत. रविवारी सकाळी टेप, ओळंबा, पाणसळ आणि कॅमेरा घेऊन पेठेत जायचे, मालकांची परवानगी घेऊन इमारत मोजायची, नकाशा काढायचा, आणि त्याची एक प्रत मालकांना, एक महापालिकेला देऊन एक आपल्याकडे ठेवायची, एवढाच आमचा परिपाठ आहे.

मंगळवार पेठेतल्या एका वाड्याचे उदाहरण सांगतो. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीत रचलेल्या भिंती, दिंडी दरवाजा, देवडी, मग चौक आणि चौकाच्या तिन्ही अंगांना सोपा, म्हणजे ओसरी. वर कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांची माडी. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा काकूंनी आम्हाला उंबऱ्यातच अडवून विचारले, “तुम्ही बिल्डरकडून आलाय काय?” समजावून सांगितल्यावर त्यांनी चहा दिला, पण सोबत जे सुनावले ते मी विसरलेलो नाही. “बघायला लई छान वाटतंय हो सर तुम्हाला. पावसात रात्री उठून चार बादल्या लावायला यावा एकदा.” त्यांचे म्हणणे खरे होते. पन्हळ फुटलेली होती, दोन ठिकाणी कौले सरकली होती आणि त्यातून येणारे पाणी थेट तुळईच्या टोकावर पडत होते. भिंतीत गेलेले तुळईचे टोक बाहेरून दिसत नाही. ते आतून कुजते आणि एक दिवस माडीसकट बसते.

तो वाडा मोजायला आम्हाला पाच रविवार लागले. भिंती काटकोनात नसल्यामुळे प्रत्येक खोलीचे कर्ण घ्यावे लागले आणि खांब झुकला आहे की मुळात तसाच बसवला आहे, हे ओळंबा सोडून ठरवावे लागले. चौथ्या रविवारी गवंडी मामांनी भिंतीवर थापी आपटून सांगितले की मागची भिंत पुढच्या भिंतीहून नंतरची आहे, कारण आवाज भरीव येत नाही. त्यांचा अंदाज खरा ठरला. मोडी वाचणाऱ्या बाईंना काकूंच्या ट्रंकेतल्या कागदांत वाटणीचा उल्लेख सापडला आणि त्यावरून मागचा सोपा वाटणीनंतर बांधल्याचे कळले. या सगळ्यातून काकूंना प्रत्यक्ष उपयोगाचे जे निघाले ते मात्र अगदी साधे होते. संपूर्ण छप्पर बदलण्याची गरज नव्हती. पन्हळ, चौदा वासे आणि एका तुळईचे टोक एवढेच काम होते, आणि नकाशावर ते नेमके दाखवता आल्यामुळे सुताराला अंदाजाने दर सांगावा लागला नाही. वाडा आज उभा आहे.

दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही पोहोचण्याआधीच बाहेरून सिमेंटचा गिलावा झालेला होता. मालकांनी चांगल्या हेतूने, कर्ज काढून तो केला होता, म्हणून इथे दोष कोणाला द्यायचा नाही, पण त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोल्हापुरात जूनपासून चार महिने जुन्या भिंती ओल्या असतात. चुन्यातली भिंत ही ओल बाहेर टाकते, कारण चुना सच्छिद्र असतो. त्यावर सिमेंटचा थर बसला की ओलीची वाट बंद होते, पाणी जोत्यातून वर चढत राहते, क्षार दगडाच्या कडांवर जमतात आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. कळीचा चुना भिजत घालून मुरू देणे, त्यात सुर्खी म्हणजे विटांची पूड मिसळणे, चुन्याच्या घाण्यात मळणे, काही कामांत गूळ-हिरड्याचे पाणी वापरणे, हे सगळे वेळखाऊ आहे. गवंडी मामा म्हणतात की चुन्याचे काम येणारी त्यांच्या वयाची माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही मापाच्या वहीत चुन्याची मिश्रणेही त्यांच्या तोंडून उतरवून घेत आहोत.

मोठ्या इमारतींची चिंता वेगळ्या प्रकारची असते. मेजर चार्ल्स मांट यांनी रेखाटलेला टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला. त्यांनीच रेखाटलेला नवा राजवाडा पूर्ण झाला १८८४ मध्ये, म्हणजे मांट यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. टाऊन हॉलमध्ये आज संग्रहालय आहे आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पॉसिडॉन या ग्रीक सागरदेवाची कांस्यमूर्ती तिथे आहे. या वास्तू सर्वांना माहीत आहेत, त्यांचे फोटो निघतात, त्यांच्याबद्दल बातम्या येतात. मला अधिक काळजी वाटते ती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने उभ्या राहिलेल्या विद्यार्थी वसतिगृहांच्या इमारतींची आणि पेठापेठांतल्या तालमींची. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरू झालेल्या वसतिगृहांच्या या परंपरेत महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास घडला, पण त्या इमारतींकडे पाहताना आपण त्यांना वास्तू मानत नाही. तालमीचेही तसेच आहे. लाल माती आणि कमी उंचीचे छप्पर असलेली ती जागा पाडून तिथे दोन मजली सभागृह उभे राहिले की पेठेला अभिमान वाटतो. तो अभिमान खोटा नाही, आणि म्हणूनच तालमीत जाऊन बोलणे सर्वांत अवघड असते. तिथे आम्ही कधीही विरोध करायला जात नाही. पाडण्याआधी मोजू द्या, एवढेच मागतो, आणि एका तालमीत मोजणी चालू असतानाच कार्यकर्त्यांनी स्वतःहून जुना आखाडा तसाच ठेवून सभागृह मागच्या मोकळ्या जागेत घ्यायचे ठरवले.

वारसा म्हणजे केवळ भिंतीच्या आतले नव्हे, हे कोल्हापूरकराला निराळे सांगावे लागत नाही, कारण आपल्याकडे किरणोत्सव आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसेच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवशी मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून येऊन गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांशी, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. मंदिर बांधणाऱ्यांनी पश्चिमेकडचे क्षितिज धरून हा मार्ग आखला. त्या मार्गात महाद्वार रोडवरची उंच बांधकामे, जाहिरात फलक, पाण्याच्या टाक्या आल्या की मंदिराच्या एकाही दगडाला धक्का न लागता मंदिराचे नुकसान होते. किरणांच्या मार्गाची मोजणी करून त्यातले अडथळे दाखवून देण्याचे काम गावातल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे केले आहे. माझ्या दृष्टीने कोल्हापुरातल्या वारसा संरक्षणाचे ते सर्वांत शुद्ध उदाहरण आहे, कारण तिथे भावना आणि कोन मोजण्याचे अंश-कला यांत अंतर राहिलेले नाही. त्याच परिसरातले मणिकर्णिका कुंड बुजवून त्यावर बाग आणि स्वच्छतागृह झाले होते, आणि काही वर्षांपूर्वी ते उकरून पुन्हा मोकळे करण्यात आले, हेही इथे नोंदवले पाहिजे.

आता एक अवघड गोष्ट. पंचगंगेवरचा शिवाजी पूल १८७०च्या दशकातला. त्याला पर्यायी पूल बांधायला सुरुवात झाली, पण शेजारची ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्याने संरक्षित स्थळापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरवले आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित केले. पर्यायी पुलाचे काम त्यात अडकून अर्धवट राहिले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलावरून एक मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. नंतर पर्यायी पूल पूर्ण झाला. ब्रह्मपुरीचे महत्त्व मला पूर्ण ठाऊक आहे. १९४५-४६ च्या उत्खननात तिथे सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. तरीही त्या दिवसानंतर समितीच्या बैठकीत मी स्पष्ट सांगितले, आणि आजही माझे मत तेच आहे, की जुन्या वास्तूच्या नावाने माणसांचा जीव धोक्यात राहत असेल तर त्या कामात आपण उभे राहायचे नाही. टेकडीचा कोणता भाग पुरातत्त्वीयदृष्ट्या नाजूक आहे आणि कोणत्या भागात पुलाचा भराव आल्याने काही बिघडत नाही, हे तपशीलवार नकाशावर आधीच मांडलेले असते तर निर्णयाला इतकी वर्षे लागली नसती. सरसकट १०० मीटरची रेघ ही मोजणीला पर्याय म्हणून ओढलेली रेघ आहे.

खासगी वाड्यांच्या बाबतीत प्रश्न सरळ पैशाचा आहे. वारसा यादीत नाव आले की मालकाला वाटते, आपली मिळकत गोठली. श्रेणीनुसार निर्बंध वेगळे असतात. पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच बदलता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत बरेच काही करता येते, पण हे मालकापर्यंत पोहोचतच नाही. यादीमुळे गमावलेल्या बांधकामाच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्काची (तेवढे बांधकाम दुसऱ्या जागी करण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा अधिकार) तरतूद राज्याच्या नियमावलीत आहे. मात्र मिळकत पत्रिकेवर चौदा वारसांची नावे आणि त्यांतले चार परगावी, अशी स्थिती असलेल्या घराला तो हक्क मिळवणे म्हणजे दोन वर्षांचे हेलपाटे. आमच्यातले एक वास्तुविशारद अशा कुटुंबांचे अर्ज विनामूल्य तयार करून देतात. माझ्या मते समितीचे हे काम नकाशांइतकेच महत्त्वाचे आहे. ज्याच्या डोक्यावर ते छप्पर आहे त्याला परवडले नाही, तर यादीत नाव असलेला वाडाही एका पावसाळ्यात ‘धोकादायक’ ठरून खाली येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या भागात आम्ही ते पाहिले.

नाट्यगृहाच्या पानाकडे परत येतो. आगीनंतर आम्ही ओळखीच्या घरांतून जुने फोटो मागवायला सुरुवात केली. शाळांची स्नेहसंमेलने, राज्य नाट्य स्पर्धा, सत्कार समारंभ अशा कार्यक्रमांत ओळीने उभ्या असलेल्या माणसांच्या मागे रंगमंचाची चौकट, सज्जाचा कठडा, खांबाचे शीर्ष दिसते. फोटोत ज्याची उंची ठाऊक आहे अशी एक वस्तू असली की बाकीच्याचे प्रमाण काढता येते. एका फोटोत हार्मोनियम आहे, दुसऱ्यात लाकडी खुर्ची आहे, आणि ती खुर्ची त्या कुटुंबाकडे अजून असल्यामुळे आम्ही तिची पाठ प्रत्यक्ष मोजून आणली. आतापर्यंत कठड्याची उंची आणि चौकटीच्या रुंदीचा बऱ्यापैकी विश्वासार्ह अंदाज निघाला आहे. सज्जाखालच्या टेकूंचा आकार अजून लागत नाही, कारण ते बहुतेक फोटोंत अंधारात आहेत.

तेव्हा आपल्या घरी केशवराव भोसले नाट्यगृहात आतून काढलेला कोणताही जुना फोटो असेल, तो कितीही फिकट झालेला असला आणि त्यात ओळखीचे कोणी नसले, तरी कृपया तो मला दाखवावा. प्रेक्षकांच्या बाजूने, सज्जाच्या दिशेने काढलेला असेल तर फारच उपयोगी पडेल. आम्ही आपल्या घरी येऊन आपल्यासमोरच त्याची प्रत काढू, मूळ फोटो अल्बममधून बाहेर काढण्याचीही गरज पडणार नाही.