ग्लॅमिसची वाळू ते कॉरल कॅन्यनचे दगड: रॅप्टर ७००आर की वायएफझेड४५०आर?

हा दौरा मुद्दाम असा आखला की एकाच फेरीत तीन तऱ्हेची जमीन मिळावी: ग्लॅमिसचे वाळूचे डोंगर, ऑकोटिलो वेल्सचे कोरडे ओढे आणि कॉरल कॅन्यनच्या अरुंद, दगडी वाटा. तिन्ही ठिकाणं दक्षिण कॅलिफोर्नियात आहेत. लॉस एंजेलिस, सॅन दिएगो किंवा फिनिक्सकडच्या मंडळींना लाँग वीकेंडला सहज जमतील. गाड्या चार, सगळ्या स्पोर्ट क्वाड, म्हणजे वाळू-मातीत पळवायच्या चारचाकी एटीव्ही: यामाहाची रॅप्टर ७००आर, यामाहाचीच वायएफझेड४५०आर, होंडाची टीआरएक्स४५०ईआर आणि सुझुकीची एलटी-झेड४००. होंडा २०१४ नंतर बंद झाली, तरी जुन्या बाजारात तिला अजून भरपूर मागणी आहे.

नागावच्या किंवा गोव्याच्या बीचवर भाड्याची एटीव्ही चालवलेल्यांसाठी आधीच एक गोष्ट. तिथल्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक असतात. इथे हाताचा क्लच, पायाचा गिअर आणि अंगठ्याचा थ्रॉटल असतो. क्लच-गिअर अंगवळणी पडेपर्यंत सपाट जागा सोडू नका.

चौघींच्या टॉप स्पीडवर लोक तासन्‌तास वाद घालतात. रॅप्टर आणि वायएफझेड दोन्ही कंपनीतून निघाल्या तशा कडक जमिनीवर ताशी ७५ मैलांच्या आसपास जातात. त्या आकड्यावरून गाडी निवडण्यात काहीच अर्थ नाही. वाळूत इंजिन खालच्या आरपीएमला किती ओढतं हे पाहावं आणि ट्रेलवर रुंदी, सस्पेन्शन आणि रिव्हर्स पाहावा.

ग्लॅमिस

ब्रॉलीहून हायवे ७८ ने पूर्वेला निघालं की पाऊण तासाच्या आत ढिगारे सुरू होतात. हा पट्टा चाळीस मैलांहून लांब आहे आणि मोठे ढिगारे ३०० फुटांपर्यंत जातात. हायवेच्या उत्तरेकडचा भाग वाइल्डरनेस म्हणून राखीव आहे, तिथे चाक घालायचं नाही. मुख्य रायडिंग दक्षिणेला. १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या हंगामात परमिट लागतं आणि ते आधीच बाहेर विकत घेतलं तर स्वस्त पडतं. हॅलोविन, थँक्सगिव्हिंग आणि नववर्षाला तिथे तोबा गर्दी असते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी या सुट्ट्या टाळून आठवड्याच्या मधले दिवस धरावेत. उन्हाळ्यात जाऊच नये.

गाडीला लावलेल्या झेंड्याची काठी जमिनीपासून ८ फूट उंच हवी, वर किमान ६ बाय १२ इंचांचा लाल किंवा केशरी झेंडा हवा. हा नियम दंडापुरता नाही. ढिगाऱ्याच्या पलीकडून येणाऱ्याला तुमच्याआधी तुमचा झेंडा दिसतो आणि समोरासमोरची टक्कर टळते. कॅम्पजवळ ५० फुटांच्या आत वेग ताशी १५ मैल. हेल्मेट सक्तीचं. स्पोर्ट क्वाड एकट्यासाठीच बनलेली असते, मागे कुणालाही बसवायचं नाही, मग ते पोटचं पोर का असेना.

इथे रॅप्टर निर्विवाद पुढे. ६८६ सीसीचं एकच सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन आणि पोटातून येणारी ओढ. ओल्ड्समोबिल हिलसारख्या मोठ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल धरून ठेवला की पुरे. वायएफझेडचं ४४९ सीसी इंजिन वरच्या आरपीएमला जिवंत होतं. चढाच्या मध्यावर आरपीएम पडला तर ते दमतं. तिथे गिअर खाली टाकायला गेलात तर क्लच दाबलेल्या क्षणात वाळू सगळा वेग खाऊन टाकते. म्हणून वायएफझेडवाल्यांनी चढाला भिडण्याआधीच योग्य गिअर पकडावा आणि आरपीएम पडू देऊ नये. पुढच्या स्प्रॉकेटला (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) १४ दात असतील तर १३ दातांचं बसवा. गिअरिंग सुमारे ७ टक्के आखूड होतं आणि चढावर ते स्पष्ट जाणवतं. एलटी-झेड४०० मोठ्या चढाला धापा टाकते, मात्र छोट्या ढिगाऱ्यांच्या रांगांत तिच्याइतकी निवांत गाडी नाही. होंडाचं इंजिन या दोन यामाहांच्या मधलं. कार्ब्युरेटर असूनही थ्रॉटलला चटकन उत्तर देतं.

टायरने जेवढा फरक पडतो तेवढा इंजिनच्या मोडतोडीने पडत नाही. मागे पॅडल टायर, म्हणजे वाळू उपसणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे टायर, हवेतच. रॅप्टरला ८ ते १० पॅडलचे, ४५० ला ८, ४०० ला ६ ते ८. कमी ताकदीच्या इंजिनला जास्त पॅडल बसवले तर टायर वाळू भरपूर पकडतो आणि इंजिनच गुदमरतं. पॅडल वेगळ्या रिमवर चढवून आणा, वाळवंटात टायर उतरवत बसायचा खटाटोप नको. बसवताना दिशा तपासा: टायरच्या माथ्यावर पॅडलची खोलगट बाजू पुढे तोंड करून असली पाहिजे. उलटे बसले तर गाडी जागच्या जागी खड्डा खणते. पॅडल नसतील तर साध्या टायरची हवा ३-४ पीएसआयवर आणा. त्यासाठी कमी दाबाचा गेज लागतो. कारच्या गेजवर इतका कमी दाब नीट वाचता येत नाही.

वारा मुख्यतः वायव्येकडून येतो, त्यामुळे ढिगाऱ्यांची आग्नेय बाजू एकदम कापल्यासारखी उभी असते. सकाळी ज्या माथ्यावरून आरामात गेलात तो संध्याकाळी कडा झालेला असू शकतो. म्हणून माथ्यावर पोचताना थ्रॉटल सोडायचा, गाडी माथ्याला समांतर वळवायची, पलीकडे पाहायचं आणि मगच उतरायचं. चढ पुरा होणार नाही असं वाटलं तर वेग शिल्लक असतानाच मोठा अर्धगोल घेऊन खाली वळा. पूर्ण थांबल्यावर वळायला गेलात तर गाडी आडवी होऊन लोळते. वाऱ्याने कोरलेल्या खोल वाट्या, ज्यांना तिथले लोक ‘विच आय’ म्हणतात, त्या दुपारच्या सपाट उजेडात दिसतच नाहीत. मोठ्या चढांसाठी सकाळ किंवा उतरती उन्हं गाठा, सावल्यांमुळे उतार कळतो.

रोज संध्याकाळी एअर फिल्टर उघडाच. फोमचा फिल्टर आधी फिल्टर क्लीनरने, मग साबणाच्या पाण्याने धुवायचा, पूर्ण वाळवायचा, फिल्टर ऑइल लावून हाताने दाबून सगळीकडे सारखं पसरवायचं. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, कारण वाळू फिल्टरमधून कमी आणि त्याच्या कडेने जास्त आत शिरते. धुतलेले दोन फिल्टर पिशवीत तयार ठेवले की रात्री धुण्याची घाई राहत नाही. चेनला चिकट लुब्रिकंट मारून वाळूत जाऊ नका. वाळू त्याला धरून बसते आणि स्प्रॉकेटचे दात पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात.

फिनिक्सहून येणाऱ्यांपैकी कुणी फ्लॅगस्टाफसारख्या ७,००० फुटांवरच्या गावात ट्यून केलेली कार्ब्युरेटरची गाडी आणत असेल तर हे लक्षात ठेवा. विरळ हवेसाठी छोटे जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं) बसवलेले असतात. ग्लॅमिस जवळपास समुद्रसपाटीला आहे. तिथे तेच मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. यामाहाच्या जुन्या बॅन्शीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये तर पिस्टन जाम होतो. जेट आधीच बदला. बॅन्शीला पेट्रोल-तेलाचं ३२:१ मिश्रण ठेवत असाल तर एका गॅलन पेट्रोलला ४ औंस तेल. इंजेक्शनच्या गाड्या उंचीप्रमाणे पेट्रोल स्वतःच जुळवतात.

पेट्रोल: रॅप्टरची टाकी सुमारे ११ लिटरची, वायएफझेडची १० च्या आतली. खोल वाळूत दोन्ही बेसुमार पितात. टाकी अर्धी झाली की कॅम्पकडे वळा. वायएफझेडला प्रीमियमच घाला. सगळे कॅन ब्रॉलीत भरून घ्या.

ऑकोटिलो वेल्स

इथे एक सावधगिरी: फ्रीवे ८ वरचं ऑकोटिलो आणि हायवे ७८ वरचं ऑकोटिलो वेल्स ही दोन वेगळी गावं आहेत. फोनच्या नकाशावर नाव पूर्ण टाइप करा. ग्लॅमिसहून ७८ च पश्चिमेला धरून यायचं. हा राज्याचा पार्क आहे, ८५,००० एकरांहून मोठा. प्रवेश आणि कॅम्पिंग फुकट. पश्चिमेला लागून असलेल्या अँझा-बोरेगो पार्कात मात्र क्वाड नेता येत नाही, त्यामुळे हद्दीच्या पाट्या बघत चला.

पॅडल उतरवा, साधे टायर चढवा, हवा ५-६ पीएसआयवर न्या. शेल रीफ आणि पम्पकिन पॅचकडे जाणाऱ्या ओढ्यांत एकामागून एक खळगे असतात. इथे वायएफझेडचं नाणं खणखणीत वाजतं. ४८.८ इंच रुंदी, मागे ११ इंचांचा सस्पेन्शन ट्रॅव्हल आणि मोटोक्रॉससाठी बेतलेली फ्रेम. उभं राहायचं, गुडघे टाकीला हलके लावायचे, वजन किंचित मागे आणि थ्रॉटल स्थिर. ती खळग्यांच्या माथ्यावरून सरकत जाते. रॅप्टर इथे नाक खाली घालते. पुढच्या शॉकचं कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) दोन क्लिक घट्ट केल्यावर ती बरीच सुधारते. दोन्ही बाजूंचे क्लिक सारखेच ठेवा, एका वेळी दोनपेक्षा जास्त बदलू नका आणि मूळ सेटिंग कागदावर लिहून ठेवा. ‘आर’ नसलेल्या साध्या रॅप्टर ७०० ला फक्त प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) बदलता येतो. अशा खळग्यांत ती हात भरून आणते.

ज्याला खरोखर वेगाने खडबडीत जमीन कापायची आहे त्याने वायएफझेडच घ्यावी, असं ऑकोटिलो वेल्स पाहिल्यावर ठाम सांगता येतं.

कॉरल कॅन्यन

फ्रीवे ८ वरून बकमन स्प्रिंग्जला उतरून दक्षिणेला. हे क्लीव्हलँड नॅशनल फॉरेस्टचं क्षेत्र आहे. मोठा पाऊस झाला की ट्रेल बंद करतात, निघण्याआधी फॉरेस्टच्या कार्यालयात फोन करा. स्पार्क अरेस्टर, म्हणजे सायलेन्सरमधून उडणाऱ्या ठिणग्या अडवणारा भाग, हवाच. सायलेन्सर बदललेल्यांनी तो खास तपासावा, कारण रेसिंगच्या बऱ्याच सायलेन्सरमध्ये तो नसतो.

इथे सगळा क्रम उलटतो. पायवाटेएवढ्या वळणांवर, गोट्यांच्या चढावर एलटी-झेड४०० सगळ्यांत कमी थकवते. वेग कमी, थ्रॉटल मऊ, आणि रिव्हर्स आहे. रॅप्टरलाही रिव्हर्स आहे, रुंदी ४६ इंचांच्या थोडी वर, आणि खालच्या ओढीमुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालत राहते. मात्र ती जड आहे आणि अरुंद असल्याने आडव्या उतारावर चाक उचलते, वजन सतत वरच्या बाजूला टाकावं लागतं. वायएफझेड आणि होंडाला रिव्हर्स नाही. दगडाला नाक टेकलं की उतरा आणि ओढा. दोनदा झालं तर गंमत वाटते, दहाव्यांदा कंबर बोलते. रिव्हर्स आणि ४५० दोन्ही हवं असेल तर जुन्या बाजारात कावासाकी केएफएक्स४५०आर शोधा, तिच्यात तो आहे.

अमेरिकेतल्या अनेक फॉरेस्ट ट्रेलवर ५० इंचांपेक्षा रुंद गाडीला मनाई असते. वायएफझेडला चाकं बाहेर सरकवणारे व्हील स्पेसर किंवा लांब ए-आर्म (पुढच्या चाकांना धरणारे दांडे) लावलेत की ती मर्यादा ओलांडलीच. ग्लॅमिससाठी केलेला बदल इथे गेटवर अडवतो.

दगडांवर हवा ६-७ पीएसआय ठेवा, नाहीतर रिम वाकते. पंक्चरसाठी प्लग किट आणि छोटा पंप, चेनची जोडकडी, क्लचची केबल, स्पार्क प्लग एवढं पाठपिशवीत असू द्या. फोनला रेंज फारशी नसते.

तपासणी आणि जुनी गाडी घेताना

दोन्ही यामाहांमध्ये ड्राय सम्प आहे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत असतं. गार इंजिनवर डिपस्टिक काढली तर तेल कमी दिसतं, माणूस आणखी ओततो आणि जास्तीचं तेल ब्रीदरच्या नळीतून एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात जातं. फिल्टर तेलाने निथळताना दिसला तर आधी हेच कारण धरा. इंजिन गरम करा, थोडा वेळ आयडलवर चालू द्या, बंद करा, मग पातळी बघा.

मागच्या ॲक्सलचे दोन मोठे नट सैल होणं हा वायएफझेडचा जुना त्रास. नट आवळल्यावर नट आणि ॲक्सलवर पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. रोज सकाळी रेघ जुळते का ते बघायला पाच सेकंद लागतात. सैल नटावर चालवत राहिलात तर ॲक्सलच्या खाचा झिजतात आणि अख्खा ॲक्सल बदलावा लागतो.

जुनी टीआरएक्स४५० बघायला गेलात तर २००४-०५ ची फक्त किकवर चालू होते, २००६ पासूनच्या ईआरला बटण आहे. तिच्यात इंजिनचं तेल आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं. विकणाऱ्याला ‘तेल किती दिवसांनी बदलता?’ एवढंच विचारा. तो एकाच तेलाचं बोलला तर दुसरं कधी बदललेलं नाही असं समजून क्लचचं झाकण उघडून दाखवायला सांगा. गार इंजिन सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर इनटेक व्हॉल्व्हचं अंतर मोजून घ्या. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत जातच नसेल तर सिलिंडर हेडचं काम येणार, ते पैसे किमतीतून वजा करूनच बोलणी करा.